हवालदारांना न आलेली शीळ

मयूर विहारच्या पहिल्या फेजमध्ये भाजीबाजाराच्या मागे संपतराव हवालदारांचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर पत्रा, तीन बाजूंना विटा आणि चौथी बाजू सताड उघडी. हवालदार हे काही त्यांचं आडनाव नव्हे, तो फौजेतला हुद्दा. पण आडनाव विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती. मूळचे खटाव तालुक्यातले, चोवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडण्यात घालवलेली, शेवटची सहा वर्षं दिल्ली छावणीत. निवृत्त झाले तेव्हा धाकटी मुलगी दहावीला होती. तिची परीक्षा होईपर्यंत थांबू म्हणून थांबले आणि थांबले ते थांबलेच. गावी परत जायचा विषय त्यांच्या बायकोनं, कृष्णाबाईंनी, दर दिवाळीला काढावा आणि संक्रांतीपर्यंत तो विरून जावा, असं चाललेलं.

आसपासच्या सोसायट्यांमध्ये मराठी कुटुंबं बरीच होती. कुणी मंत्रालयात, कुणी रेल्वे बोर्डात, कुणी आकडेवारी खात्यात. ही मंडळी ऑफिसात दिवसभर हिंदी-इंग्रजी झाडायची, पण मोटरसायकल बिघडली की त्यांना आपला माणूस लागायचा. गणपतीच्या मांडवात एकदा ओळख झाली म्हणजे पुरे, मग नाक्यावरचे चार सरदारजी मेकॅनिक सोडून सगळे हवालदारांकडे. सरदारजी काही कमी होते असं नाही. पण 'गाडी गचके खाते' याला हिंदीत काय म्हणतात, हे आपल्या लोकांना सुचायचं नाही.

हवालदारांची ख्याती होती ती कानाची. गाडी सुरू करून ते डोळे मिटायचे, लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. मग म्हणायचे, 'टॅपेट', किंवा 'बेअरिंग', किंवा नुसतंच 'हं'. बघणाऱ्याला वाटायचं, डॉक्टर नळी लावून बसला आहे. हवालदारांचा कान म्हणजे कान, असं शेजारपाजारचे लोक सांगायचे आणि हवालदार ते खाली मान घालून ऐकून घ्यायचे.

खरी गोष्ट अशी की त्या कानांत आता फारसं काही उरलं नव्हतं.

बहिरे नव्हते ते. इंजिनाचा ठोका येई, ट्रक येई, पुरुषाचं बोलणं बरंचसं येई. पण बारीक आवाज सगळे गेले होते. कुकरच्या शिट्ट्या, दाराची घंटी, पाखरं, लहान मुलं, आणि बायकांचं अर्धंअधिक बोलणं. बंद शेडमध्ये जनरेटर आणि ट्रकची इंजिनं पूर्ण रेसवर लावून वर्षानुवर्षं तपासली, त्याचा हा परिणाम. ते त्यांना फौजेत असतानाच ठाऊक झालं होतं. दरवर्षी मेडिकल व्हायचं, डॉक्टर पाठीमागे लांब उभा राहून हळू आवाजात आकडे बोलायचा आणि जवानानं ते परत सांगायचे. ऐकू आलं नाही की कॅटेगरी उतरली, आणि कॅटेगरी उतरली की बढती गेली. संपतराव तेव्हा हवालदाराच्या खालच्या हुद्द्यावर, नाईक होते आणि दोन मुली होत्या. रांगेत पुढे असलेला सोबती आकडे सांगून ठेवायचा. डॉक्टर सगळ्यांना तेच आकडे विचारायचा, कारण तोही माणूसच, कंटाळायचा. चार वर्षं संपतराव पाठ केलेले आकडे म्हणून पास झाले आणि हवालदारही झाले. निवृत्तीनंतर ना मेडिकल राहिलं ना कॅटेगरी, पण मनात बसलेली भीती मात्र पेन्शनीत निघाली नाही. कुणाला कळलं तर? कानानं गाडी बघणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही, हे कळल्यावर कोण येणार दुकानात?

म्हणून ते लोकांच्या ओठांकडे बघत बोलायचे, आणि जे समजलं नाही त्याला मान हलवून 'हो हो, होतंय' म्हणायचे. दिल्लीची थंडी हा त्यांचा खरा शत्रू होता. डिसेंबर लागला की ज्याच्या त्याच्या तोंडाला मफलर, शाल, नाही तर माकडटोपी. ओठ झाकले की संपतरावांचं अर्धं जग झाकलं जायचं. थंडीचे दोन महिने ते जीव मुठीत धरून काढायचे आणि हे कृष्णाबाईंनाही कधी सांगायचे नाहीत.

एकोणनव्वद सालच्या अशाच थंडीत शशिकांत त्यांच्याकडे आला. तिशीचा, एका मंत्रालयात अप्पर डिव्हिजन क्लार्क. त्याची बायको अलका नोएडात एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती. रोज सकाळी शशिकांत तिला आणि चार वर्षांच्या वीणाला मोटरसायकलवरून नोएडाला सोडायचा. वीणा पेट्रोलच्या टाकीवर बसायची, अलका मागे एका बाजूला पाय सोडून. मुलीला अलकाच्या ऑफिसजवळच्या पाळणाघरात ठेवायचं आणि मग त्यानं उलट फिरून पूल ओलांडून आपल्या ऑफिसात जायचं. वाटेत नोएडा मोड. तो चौक तेव्हा कसा होता हे ज्यांनी ओलांडला त्यांनाच माहीत. गाझियाबादकडून येणारे ट्रक, खाजगी बसगाड्या, ट्रॅक्टर, आणि मधून जीव घेऊन पळणारे स्कूटरवाले. तिथे सिग्नल सुटला की सुटायचं. थांबायचं नाही.

"काका, उभी असताना झक्क चालते," शशिकांत म्हणाला. "पण रेस दिली की एक क्षण नुसती थांबते. बिल्कुल दम सोडते. मग एकदम झटका देऊन उचलते."

संपतरावांनी पेट्रोलची कळ बघितली, फिल्टर बघितला, प्लग काढला. प्लगचं टोक पांढरंफटक. चोक अर्धा ओढून रेस दिली, तर गाडी सुधारली. आता घोडं कुठे पेंड खातंय ते उघड होतं. एक तर पेट्रोल कमी पडत होतं, नाही तर कुठून तरी नको ती हवा आत शिरत होती. दोनच शक्यता. पहिली डोळ्यांना दिसते, पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं जेट काढून उजेडाला धरलं की झालं. दुसरी कानाला कळते, कारण हवा जिथून शिरते तिथे बारीक शीळ वाजते.

संपतरावांनी पहिली धरली. ती खरी वाटली म्हणून धरली, असं ते स्वतःला सांगत राहिले.

कार्बोरेटर उतरवला, जेट पेट्रोलमध्ये बुडवून फुंकून काढलं, सूर्याकडे धरून त्यातलं सुईएवढं भोक बघितलं. तार घालायची नाही, हा फौजेतला नियम; तारेनं भोक मोठं होतं. पायलट जेटमध्ये थोडा कचरा निघालाही. त्यांचा जीव भांड्यात पडला. कार्बोरेटर परत बसवला, दोन्ही नट आवळले, आणि फौजी हात, म्हणून वरून अजून थोडे आवळले. गाडी दोन दिवस बरी चालली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शशिकांत परत आला, या वेळी अलका आणि वीणासकट. गाडी पूर्वीपेक्षा जास्त अडखळत होती. संपतरावांनी सगळं परत उतरवलं, परत फुंकलं, परत बसवलं आणि परत आवळलं. अलका स्टुलावर बसून बघत होती. मग तिनं तोंडावरची शाल खाली केली.

"हवालदारकाका, रेस देताना डाव्या बाजूनं बारीक शीळ येते. खाली, माझ्या पायापाशी. यांना हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही, पण मी मागे बसते ना, मला येते."

हे त्यांना नीट कळलं. प्रत्येक शब्द कळला.

त्यांनी गाडी सुरू केली, रेस दिली, खाली वाकले. ठोका आला, बाकी काही नाही. पेचकस टेकवून मूठ हाडाला लावली. ठोकाच मोठा झाला. अलका त्यांच्याकडे बघत होती, शशिकांत बघत होता, आणि वीणा दोन्ही हातांनी कान झाकून बघत होती. संपतरावांनी डोळे मिटले. ते मिटलेले डोळे लोकांना फार आवडत, पण त्या क्षणी त्यांच्यामागे नुसता अंधार होता आणि एकच विचार, की आता काय बोलावं.

"वारं असेल, ताई," ते म्हणाले. "पायापाशी लागतं तसं."

"आत्ता उभ्या गाडीलाही आली, काका. आत्ताच."

"चेनचं असेल मग. ते काही नाही. कार्बोरेटर साफ झालाय, आता बघा."

त्यांनी हवेचा स्क्रू थोडा फिरवला, तशी गाडी उभ्या उभ्या गोड बोलू लागली. शशिकांत खूश झाला. अलकानं शाल परत तोंडावर घेतली, काही बोलली असेल तरी ते संपतरावांपर्यंत पोचलं नाही. तिघं गेली.

त्या संध्याकाळी संपतरावांना जेवण गेलं नाही. कृष्णाबाईंनी भाकरी पुढे केली, त्यांनी हो हो म्हटलं आणि हात धुतले. शीळ होती. ती बाई उगीच बोलणारी नव्हती. उभ्या गाडीला आली म्हणाली, म्हणजे वारं नव्हे, आणि चेन तर उभ्या गाडीत फिरतच नाही. हे दहावी नापास पोरालाही कळलं असतं. अलकाला कळलं असणारच. तरी ती गप्प बसली, कारण समोर हवालदारांचा कान होता.

सकाळी आठला ते दुकान न उघडताच निघाले. कृष्णाबाईंना सांगितलं, स्पेअर पार्ट आणायचाय. नोएडा मोडला चहाच्या टपरीपाशी उभे राहिले. धुकं होतं, पण ट्रकांचे दिवे दिसत होते. चहाचा ग्लास हातात गार झाला. आज ती तिघं आलीच नाहीत तर किती बरं, असं त्यांच्या मनात येई. वीणाला सर्दी झालेली असावी, शशिकांतनं रजा टाकलेली असावी. आपल्या गिऱ्हाइकाच्या मुलीला सर्दी व्हावी म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करणारा मेकॅनिक दिल्लीत तरी दुसरा नसेल.

साडेआठला ती तिघं आली. वीणाची लाल टोपी टाकीवर, मागे अलकाची शाल. सिग्नलला थांबली. संपतराव रस्त्याच्या कडेपर्यंत गेले. गाडी नीट सुरू होती. एक्झॉस्टमधून धूर नव्हता. सिग्नल सुटला. सगळे सुटले. शशिकांतनं क्लच सोडला, रेस दिली, गाडी चौकात शिरली आणि पुन्हा रेस देताच मधोमध थांबली.

बंद पडली नाही. नुसती थांबली, तो जो एक क्षण शशिकांत म्हणाला होता तसा. पण उजवीकडून लाल दिवा न जुमानता एक बस आली होती, आणि त्या एका क्षणात ती गाडीपासून हातभर अंतरावर आली. ब्रेक लागले. मागचा टेम्पो बसला ठोकता ठोकता राहिला. मोटरसायकलनं झटका देऊन उचल घेतली, शशिकांतनं ती कशीबशी कडेला घेतली आणि बंद केली. बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून शशिकांतच्या खानदानाचा उद्धार केला आणि तो निघून गेला.

संपतराव धावत पोचले तेव्हा अलका खाली उतरली होती. तिनं वीणाला टाकीवरून घेऊन छातीशी धरलं होतं. ती रडत नव्हती. ती एकच गोष्ट करत होती, वीणाची टोपी नीट करत होती.

"काका, तुम्ही इथे?" शशिकांत म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बघायला आलो होतो."

"काय बघायला?" हे अलकानं विचारलं. शाल खाली घसरली होती, त्यामुळे त्यांना ते दिसलं.

इतक्या वर्षांत जे सोबत्याला सोडून कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्या चौकात ट्रकांच्या गोंगाटात सांगायचं होतं. चहा प्यायला असता तर बरं झालं असतं, असं काहीतरी भलतंच संपतरावांना सुचत होतं.

"मला शीळ ऐकू येत नाही," ते म्हणाले. "बारीक आवाज मला येतच नाहीत. फौजेपासून. काल तुम्ही सांगितलं ते बरोबर होतं. मी वारं म्हणालो, ते खोटं."

शशिकांत त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, वीणा टाकीवर बसली होती."

संपतरावांनी रिकाम्या टाकीकडे बघितलं.

"सांगायचं होतंत," अलका म्हणाली. "मी सांगितलं असतं ना कुठून येते. त्यात काय मोठं होतं?" तिचा आवाज त्यांना अर्धाच आला, पण तिचा चेहरा पुरता दिसला. शरमेनं त्यांची मान खाली गेली.

गाडी ढकलत दुकानात आणली. शशिकांतचं मन नव्हतं, तो नाक्यावरच्या सरदारजीकडे न्यायची म्हणत होता. अलका म्हणाली, "चला, आधी कळू तर द्या शीळ कुठून येते. इतकं झाल्यावर मला ते बघायचंच आहे." वीणाला कृष्णाबाईंकडे सोपवलं. कृष्णाबाई काय झालं म्हणून विचारत होत्या, त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

मग संपतरावांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. गिऱ्हाइकाला गाडीशेजारी बसवलं. "ताई, मी बोटानं ग्रीस लावत जातो. शीळ थांबली की हात वर करा. बोलू नका, नुसता हात."

शशिकांतनं रेस धरून ठेवली. अलका गुडघ्यावर बसली, साडीचा काठ काळा झाला त्याची तिनं पर्वा केली नाही. संपतरावांनी ग्रीसचं बोट आधी रबरी तोंडाभोवती फिरवलं. हात वर झाला नाही. मग वरच्या सांध्यावर. नाही. मग कार्बोरेटर इंजिनाला जिथे बसतो, त्या डाव्या नटाखाली. अलकाचा हात वर गेला. ग्रीस आत ओढलं गेलं तसा हात खाली आला. परत लावलं, परत वर. संपतरावांचे डोळे तिच्या हातावर खिळले होते. किती वर्षांनी त्यांना शीळ कळत होती.

कार्बोरेटर काढून त्यांनी त्याच्या इंजिनावर टेकणाऱ्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे केली. पट्टीखालून मध्ये उजेड येत होता. नट बसतात ते तोंडाचे दोन्ही कान इंजिनाकडे वाकले होते. नट गरजेपेक्षा जास्त आवळले की ते मऊ धातूचं तोंड असंच वाकतं आणि मधून हवा शिरू लागते. आधी थोडं वाकलेलं असेल, पण दोनदा आवळून त्याची पुरती वाट लावली होती ती कुणी, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

"हे माझ्या हातानं झालंय," त्यांनी पट्टी शशिकांतला दाखवली. ट्रकच्या नटांची सवय झालेला हात. ट्रकला तो चालतो.

काच आडवी ठेवली, त्यावर पॉलिश पेपर, त्यावर तेलाचे दोन थेंब. ते तोंड त्यावर गोल गोल घासत राहिले. मधून मधून पट्टी धरून बघत होते. हात दुखायला लागले तरी थांबले नाहीत. उजेडाची रेघ बारीक होत होत दिसेनाशी झाली. नवं रबर घातलं, कार्बोरेटर चढवला आणि नट दोन बोटांनी आवळले. पुढचा अर्धा आटा त्यांनी थांबत थांबत दिला. जास्त झालं तर परत वाकेल, कमी झालं तर हवा शिरेल.

बारा वाजत आले होते. शशिकांत आणि अलका फेरी मारायला निघाले, मोठ्या रस्त्यापर्यंत आणि परत. वीणा कृष्णाबाईंकडेच राहिली. संपतराव दुकानाच्या तोंडाशी उभे राहिले. पाच मिनिटांचं काम होतं. दहा झाली. त्यांना ती बस परत परत दिसत होती. मोठ्या रस्त्याला चौक नाही, ते स्वतःला समजावत होते, तिकडे बसगाड्या येत नाहीत. येत होत्या. त्यांना ठाऊक होतं.

पंधराव्या मिनिटाला गाडी गल्लीत वळली. शशिकांत हसत होता. दुरूनच त्यानं हात दाखवला, झक्क. गाडीनं रेस घेतली तशी ती अडखळली नाही. तेवढं संपतरावांना डोळ्यांनी दिसलं. छातीवरचा दगड उतरला. शशिकांतनं गाडी बंद न करताच पाय टेकवला, त्याला ऑफिस गाठायचं होतं, अर्धा दिवस तरी लागला पाहिजे. अलका उतरली नव्हती. गार वाऱ्यात तिनं शाल नाकापर्यंत ओढली होती. तिनं संपतरावांकडे बघून काहीतरी म्हटलं. शाल हलली. डोळे नेहमीसारखेच होते, त्यांवरून काही कळेना.

आभार मानले असतील. झालं म्हणाली असेल. संपतरावांची मान हलायला निघाली होती, 'हो हो' ओठांपर्यंत आलं होतं.

"ताई," ते म्हणाले, "मला कळलं नाही. शाल काढून सांगा."

अलकानं शाल खाली केली. "खूप कमी झाली, काका. पण अजून येते. अगदी थोडी."

"अगं, चालते आहे ना उत्तम," शशिकांत म्हणाला. "जाऊ दे आता, अलका."

संपतरावांना वाटलं, मान हलली असती तर ही दोघं गेली असती. वीणाला टाकीवर बसवून उद्या सकाळी त्याच चौकात गेली असती, आणि आपण इथे उभे राहून समाधानानं हात पुसले असते.

त्यांनी पुढे होऊन किल्ली फिरवली, गाडी बंद केली, आणि किल्ली काढून आपल्या खिशात टाकली.

"उतरा," ते म्हणाले. "आज ऑफिस नाही. ताई, तुम्ही इकडे या, परत ऐकायचंय."